बारावीला टक्के घसरले, आता कॉलेजचं काय? इंदूरच्या मराठी घरांसाठी सविस्तर माहिती

४८ टक्के, ५३ टक्के, किंवा एका विषयात सप्लिमेंट्री. असा निकाल हातात आला की घरात पहिला प्रश्न येतो, "आता चांगलं कॉलेज कसं मिळणार?" त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या टक्क्यांमुळे नेमकं काय बंद झालं आणि काय उघडंच आहे? राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर या भागांतली मुलं दर उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन फॉर्म भरायला माझ्याकडे येऊन बसतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटतं की सगळंच संपलं. पात्रतेच्या ओळी एकेक करून वाचल्या की कळतं, बंद झालेली दारं मोजकीच आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकावर एक ठरलेला आकडा लिहिलेला आहे. आकडा माहीत असला की त्यावर काम करता येतं.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. निकालानंतरचे तीन-चार दिवस मुलाला किंवा मुलीला कुणाशी तुलना ऐकवू नका. काका-मावशीचे फोन आई-बाबांनीच घ्यावेत. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर वाट न बघता १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि तिथे प्रशिक्षित माणसं बोलतात. फॉर्म दोन दिवस उशिरा भरले तरी चालेल.

अंकसूची नीट वाचा

"टक्के कमी आले" यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. पहिली म्हणजे एक-दोन विषयांत नापास. दुसरी, सगळ्यात पास, पण एकूण टक्के कमी. तिसरी बऱ्याचदा लक्षात येत नाही. एकूण टक्के बरे असतात, पण ज्या विषयांच्या जोरावर पुढे जायचं तेच कच्चे राहिलेले असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात मिळून ४२ टक्के आणि भाषांमुळे एकूण ५६, अशी अंकसूची मी कितीदा पाहिली आहे. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर ते ५६ कामाला येत नाहीत. तिथे त्या तीन विषयांचेच टक्के बघितले जातात.

म्हणून कागदावर तीन आकडे लिहा: एकूण टक्के, मुख्य तीन विषयांचे टक्के, आणि सगळ्यात कमी गुणांचा विषय.

उत्तरपत्रिकेची प्रत मागवा

हे काम बरेच जण टाळतात, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. मध्यप्रदेश माध्यमिक शिक्षा मंडळाकडे निकालानंतर पुनर्गणनेसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज करता येतो. सीबीएसईतही उत्तरपत्रिकेची प्रत, गुणांची पडताळणी आणि पुनर्मूल्यांकन अशा सोयी आहेत. मुदत फार थोड्या दिवसांची असते. त्यामुळे निकाल लागला की त्याच आठवड्यात मंडळाच्या वेबसाइटवरची सूचना वाचा किंवा जवळच्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात विचारा.

बेरीज चुकली असेल तर गुण वाढतील, पण तेवढ्यासाठीच प्रत मागवायची नाही. प्रत हातात आली की आजाराचं मूळ सापडतं. वहीत तीन रकाने पाडा. येत होतं पण लिहिलं नाही, लिहिलं पण अर्धवट, आणि मुळात येतच नव्हतं. गेलेला प्रत्येक गुण यापैकी एका रकान्यात टाका. पहिल्या रकान्यात जास्त गुण जमले तर अडचण वेळेची आणि सरावाची आहे, ती दोन-तीन महिन्यांत सुटू शकते. दुसऱ्यात जमले तर उत्तर मांडायची पद्धत सुधारावी लागेल. पायऱ्या, आकृती, एकक, सूत्र. तिसऱ्यात जमले तर प्रामाणिकपणे विचार करा की हा विषय पुढे तीन-चार वर्षं घ्यायचा आहे का. विज्ञान शाखा मुलाला हवी होती की घराला, हा प्रश्न इथेच विचारायला हवा. निकालाचा राग शांत झाल्यावर, आवाज न चढवता.

गुण सुधारायच्या खिडक्या

मध्यप्रदेश मंडळानं २०२५ पासून सप्लिमेंट्रीच्या जागी दुसरी परीक्षा आणली. नापास झालेले, गैरहजर राहिलेले, आणि पास होऊनही गुण वाढवू इच्छिणारे तिला बसू शकतात. याचा मोठा फायदा असा की वर्ष वाया न घालवता त्याच हंगामात प्रवेशाच्या रांगेत उभं राहता येतं.

सीबीएसईत बारावीच्या एका विषयासाठी जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. पास झालेल्यांनाही तिथे एका विषयात गुण सुधारता येतात. एकाहून जास्त विषय सुधारायचे असतील तर पुढच्या वर्षीच्या मुख्य परीक्षेला खाजगी विद्यार्थी म्हणून बसावं लागतं, आणि ही संधी लगतच्या वर्षापुरतीच असते. ती सोडलीत तर परत येत नाही.

तिसरी खिडकी एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानची. त्यांच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. नापास झालेल्या विद्यार्थ्याला आधीच्या मंडळात पास केलेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इथे वळवून घेता येतात, म्हणजे उरलेल्याच विषयांचा अभ्यास करायचा. प्रवेश पाच वर्षं टिकतो, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. ज्याच्याकडे एखादा विषयच नाही, उदाहरणार्थ जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला आता गणित हवं आहे, तिलाही एकट्या विषयासाठी प्रवेश घेता येतो. "ओपनचं सर्टिफिकेट चालत नाही" असं कुणी शेजारी सांगेल. एनआयओएस केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे आणि तिची बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरली जाते.

राज्याच्या मुक्त शाळा मंडळाची 'रुक जाना नहीं' योजना २०१६ पासून नापास विद्यार्थ्यांना पुन्हा संधी देण्यासाठी ओळखली जात आली; आता ती सुरू आहे का, ते आधी विचारून घ्या.

टक्के कुठे विचारतात

आता त्या कागदावरचे तीन आकडे या रेषांशी ताडून बघा.

एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटी या राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्थांत जेईई या प्रवेश परीक्षेच्या क्रमांकासोबत बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे पहिल्या २० टक्के मुलांत, असणं लागतं. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही रेषा ६५ आहे. भोपाळचं मॅनिट आणि ग्वाल्हेरचं ट्रिपल आयटी यातच येतात. ७५ हुकलेल्या मुलाला सुधार परीक्षेचा उपयोग होऊ शकतो. कोणत्या अटीवर, ते त्या वर्षीच्या जोसाच्या, म्हणजे या संस्थांच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेच्या, नियमावलीत वाचा.

राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून ४५ टक्के पुरतात, राखीव गटांना ४०. म्हणजे १९५२ सालचं आपलं एसजीएसआयटीएस किंवा देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी ५० टक्केवाल्या मुलालाही तत्त्वतः बंद नाही. तिथे लढत जेईई मेनच्या क्रमांकावर होते. राज्याच्या समुपदेशनात जेईईच्या फेऱ्यांनंतर उरलेल्या जागा बारावीच्या गुणांवर भरतात, पण चांगल्या कॉलेजच्या चांगल्या शाखेत तेव्हा फारसं काही उरलेलं नसतं.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४०. कायद्याच्या प्रवेशाच्या क्लॅटसाठी ४५, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बीएस्सी नर्सिंगसाठी ४५.

आणि जिथे टक्के विचारतच नाहीत ती यादी बघा. सीए फाउंडेशनला बारावी पास एवढंच लागतं, आणि ही परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. बीए, बीकॉमच्या बहुतेक जागांना पास पुरतं, फक्त कॉलेज कोणतं मिळेल ते गुणवत्ता यादीवर ठरतं. यूपीएससी आणि इंदूरमध्येच मुख्यालय असलेला मध्यप्रदेश लोकसेवा आयोग या दोघांनाही पदवी हवी असते, बारावीचे टक्के नको असतात.

एका नुकसानीची जाणीव मात्र ठेवा. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेतून फी भरली जाण्यासाठी मध्यप्रदेश मंडळात ७० टक्के आणि सीबीएसईत ८५ टक्के लागतात. हा आकडा हुकला की खाजगी कॉलेजचा खर्च पूर्ण खिशातून येतो. पालकांची असंघटित कामगार म्हणून नोंदणी असेल तर मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजनेची चौकशी नक्की करा. आपल्या मराठी घरांत तिची माहिती फार कमी असते.

सीयूईटी: कमी टक्केवाल्यांची खरी संधी

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतले पदवी प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होऊ लागले, आणि बारावीला ५५ मिळवलेल्या मुलासाठी खेळ बदलला. दिल्ली विद्यापीठात पूर्वी कटऑफ नव्वदीच्या वर जायचा. आता तिथे बारावी पास आणि सीयूईटीचे गुण यावर प्रवेश होतो, बारावीचे टक्के दोघांचे गुण सारखे आले तरच बघतात. आपल्या राज्यात सागरचं डॉ. हरीसिंह गौर विश्वविद्यालय आणि अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विश्वविद्यालय ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. घराजवळचं बघायचं तर देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारातले बरेच अभ्यासक्रम सीयूईटीतून भरतात. खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात आयआयपीएससारखे विभाग आहेत, तिथले पाच वर्षांचे एकत्रित एमबीए आणि एमसीए इंदूरमध्ये वर्षानुवर्षं नाव राखून आहेत. परीक्षेला बसायला टक्क्यांची अट नाही, पण एखादा अभ्यासक्रम ४५ किंवा ५० ची रेषा ठेवू शकतो. तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाची पात्रता वाचा.

२०२५ पासूनच्या रचनेत जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात, आणि बारावीला घेतलेल्या विषयांपेक्षा वेगळा विषयही चालतो. प्रत्येक पेपरला ५० प्रश्न आणि ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. चारपैकी एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं ओळखता आलं तरी उरलेल्या तिघांतून उत्तर देणं सरासरीनं फायद्याचं पडतं. कोरा सोडायची सवय शाळेतून आलेली असते, ती सराव पेपर सोडवतानाच मोडा. विषयांचे पेपर एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात. महागड्या गाइडांच्या आधी ती पुस्तकं ओळ न ओळ वाचून काढा.

माध्यमाबद्दल खास आपल्या मुलांसाठी. सीयूईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा १३ भाषांतून देता येतात आणि त्यात मराठी आहे. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण इंदूरचं मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत हिंदी आणि शाळेत रसायनशास्त्र शिकतं ते इंग्रजीत किंवा हिंदीत. ज्या भाषेत विषय शिकला त्याच भाषेत पेपर द्या. अपरिचित मराठी संज्ञा वाचताना सव्वा मिनिट कधी संपेल कळणार नाही. भाषेचा पेपर म्हणून मराठी निवडणं मात्र चांगलं शहाणपणाचं ठरू शकतं, जिथे ते विद्यापीठ यादीतली कुठलीही भाषा स्वीकारतं तिथे. आपल्या हव्या त्या अभ्यासक्रमाला इंग्रजीच लागते का, ते आधी बघा.

सीयूईटीचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरायचा असतो. या वर्षी भरला नसेल तर पुढच्या वर्षी भरा. आधीच्या वर्षी बारावी झालेल्यांनाही बसता येतं, वयाची अट नाही.

याच वर्षी प्रवेश घ्यायचा असेल तर

उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवर नोंदणी करा. सरकारी आणि बहुतेक खाजगी कॉलेजांचे बीए, बीकॉम, बीएस्सी प्रवेश तिथूनच होतात. समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक), अंकसूची, मूल निवासी म्हणजे रहिवासाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही म्हणून घाबरू नका. पुढच्या फेऱ्या असतात आणि शेवटी कॉलेज स्तरावरच्या, म्हणजे सीएलसी फेऱ्या होतात. लोक जागा सोडून जातात, याद्या खाली येतात. पसंतीक्रम भरताना मात्र सगळी मोठी नावं भरून ठेवू नका. १८९१ चं होळकर सायन्स कॉलेज किंवा भंवरकुआँचं अटल बिहारी वाजपेयी कला-वाणिज्य कॉलेज वर लिहा, पण खाली दोन-तीन अशी नावं हवीत जिथे तुमचे गुण नक्की बसतात. मुलींसाठी मोती तबेल्यातलं माता जिजाबाई कन्या महाविद्यालय माझ्या मते नेहमी यादीत असावं. सरकारी फी, शहराच्या मध्यात, आणि विषयांची निवड मोठी.

ज्या मुलाचे हात पुस्तकापेक्षा यंत्रावर जास्त चालतात त्याच्यासाठी पॉलिटेक्निकचा विचार मनापासून करा. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. इंदूरमध्ये श्री वैष्णव पॉलिटेक्निक आणि नंदानगरचं सरकारी आयटीआय आहे. "डिप्लोमाला कशाला घालायचं" असं म्हणणारे नातेवाईक भेटतील. डिप्लोमावरून इंजिनिअर झालेला मुलगा कार्यशाळेत बिचकत नाही, हे कारखान्यातली माणसं जाणतात.

नोकरी करावीच लागणार असेल तर भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. २०२२ पासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, दोन पदव्या एकाच वेळी घ्यायची मुभा दिली आहे, तेव्हा नियमित कॉलेजसोबतही हा रस्ता चालतो.

ड्रॉप घ्यावा का

उत्तरपत्रिकेच्या रकान्यांवरून ठरवा. गुण पहिल्या दोन रकान्यांत गेले असतील, मुलाला स्वतःला परत बसायची इच्छा असेल आणि समोर ठराविक परीक्षा असेल, तर एक वर्ष द्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला लागोपाठच्या दोनच वर्षांत दोन संधी असतात, हे ध्यानात ठेवा. मूल फक्त लाजेपोटी घरी बसणार असेल तर देऊ नका. मला मधला रस्ता जास्त पटतो. ई-प्रवेशातून कॉलेजात नाव घालायचं, सकाळी वर्ग करायचे आणि दुपारनंतर पुढच्या सीयूईटीची तयारी. परीक्षा हुकली तरी वर्ष हातात राहतं, आणि मूल रोज घराबाहेर पडतं. आरएनटी मार्गावरच्या अहिल्या केंद्रीय ग्रंथालयात शांत बसून वाचणाऱ्यांची सोबत मिळते, ती गीता भवन किंवा भंवरकुआँच्या कोचिंगच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कोचिंग लावायचंच असेल तर आधी डेमो वर्ग करा आणि फी हप्त्यांनी भरा.

खाजगी कॉलेजचे फोन

निकालानंतर घरी अनोळखी फोन येऊ लागतात. "आज टोकन भरा, उद्या सीट जाईल." सीट उद्या जात नाही. इंदूरच्या आसपास काही खाजगी विद्यापीठं चांगलं काम करत आहेत, पण नाव पक्कं करण्याआधी चार गोष्टी स्वतः तपासा. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का. इंजिनिअरिंग किंवा मॅनेजमेंटला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का. नर्सिंग, फार्मसी, कायद्याला त्या-त्या परिषदेची मान्यता आहे का. खाजगी व्यावसायिक कॉलेजची फी भोपाळच्या प्रवेश व फी विनियामक समितीनं ठरवलेली असते, ती आणि मागितलेली रक्कम जुळते का. मग कुठल्याही दिवशी, न कळवता, कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा उघडी आहे का आणि मुलं वर्गात आहेत का ते बघा. फाटकावर उभं राहून दोन विद्यार्थ्यांशी बोललात तर माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

फी भरली आणि नंतर सीएलसीत सरकारी जागा मिळाली तर? यूजीसीचा २०१८ चा नियम तुमच्या बाजूनं आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर पूर्ण फी परत मिळायला हवी, फक्त प्रक्रिया खर्चापोटी जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापता येतात. त्यानंतर त्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, आणि पुढे काही नाही. मूळ अंकसूची आणि टीसी अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. पैसे रोखीत देऊ नका, पावती घ्या, आणि नाव काढायचा अर्ज ईमेलनं पाठवा म्हणजे तारीख नोंदली जाते.

कॉलेजात गेल्यावरचे आकडे

इथून पुढे बारावीचं वजन कमी होत जातं. पूर्ण जात नाही, हेही खरं. एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेनंतर काही आयआयएम उमेदवारांची यादी करताना दहावी-बारावीचे गुण धरतात. पण कॅटची पात्रता, बीएडचा प्रवेश, एमएच्या अनेक जागा पदवीचे ५० टक्के बघतात. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के असतील तर सीएत फाउंडेशन न देता थेट प्रवेश मिळतो, इतर शाखांना ६०. प्राध्यापकीच्या नेटसाठी पदव्युत्तरला ५५ लागतात. नव्या शिक्षण धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. आपलं राज्य हे धोरण २०२१ पासूनच राबवू लागलं. म्हणून पहिल्या वर्षी एटीकेटी, म्हणजे नापास विषय मागे राहणं, लागू द्यायची नाही, हा नियम मुलानं स्वतःला घालून घ्यावा. पहिल्या वर्षाची घसरण तिसऱ्या वर्षापर्यंत भरून काढावी लागते.

बीएस्सी नीट केलेल्या मुलीला आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्येच एमएस्सी करता येतं. बारावीला जिथे पाऊल पडलं नाही तिथे तीन वर्षांनी जाता येतं, आणि हा रस्ता फारच थोड्या मुलांना कुणी सांगतं.

कागदांची फाइल आजच करून ठेवा. दहावी-बारावीच्या अंकसूच्या, टीसी, मंडळ बदलणार असाल तर मायग्रेशन, मूल निवासी, जातीचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागू असतील तसे. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र नोटरीकडून करून घ्या. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही बघा. आपल्या आडनावांची स्पेलिंगं आधारवर एक आणि अंकसूचीवर दुसरी असतात, आणि ती दुरुस्ती काउन्सेलिंगच्या आठवड्यात होत नाही.